रंग न चढलेला स्नायू

फोन आला तेव्हा मी बहारीनच्या मीना सलमान बंदरावरच्या आमच्या गॅस डेपोत एका ट्रक ड्रायव्हरशी वाद घालत होतो. महाडहून डॉ. रेहाना सरखोत यांचे धाकटे भाऊ अय्याज बोलत होते आणि लाइन इतकी खराब होती की अर्धे शब्द मधल्या समुद्रातच पडत होते. "आपा गेली," ते म्हणाले. मी विचारलं, गेली म्हणजे? त्यांचं परतीचं तिकीट तर पुढच्या आठवड्याचं आहे ना? पलीकडे नुसती खरखर... मग त्या बिचाऱ्याला तीच गोष्ट पुन्हा, जरा मोठ्याने, मला कळेल अशा शब्दांत सांगावी लागली. सुट्टीवर गेलेल्या डॉक्टरांच्या छातीत दुखायला लागलं. महाडला जमेना म्हणून मुंबईला हलवलं आणि वडखळच्या नाक्याजवळ ट्रकांच्या रांगेत ॲम्ब्युलन्स अडकली. 'उशीर झाला की उपयोग नाही' हे ज्या बाईने इथल्या इस्पितळात सगळ्यांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं, तिच्यासाठी रस्ता मोकळा व्हायला उशीर झाला. या गोष्टीचा मला अजून राग येतो. कोणावर काढायचा ते कळत नाही.

खरं तर हे लिहायला बसलो तो दुसऱ्याच एका रागापोटी. इथल्या मराठी मंडळींनी बहारीनमध्ये शोकसभा ठेवली. लोक आले, मनापासून आले, त्याबद्दल तक्रार नाही. पण बोलणाऱ्यांपैकी एकाने त्यांना सदा हसतमुख म्हटलं, दुसऱ्याने मृदुभाषी, आणि तिसऱ्याने त्यांनी आयुष्यभर रक्त-लघवी तपासण्याचं पवित्र कार्य केलं असं सांगितलं. शेजारी बसलेल्या माझ्या बायकोने, नीलाने, माझा हात दाबून धरला, कारण मी उठेन अशी तिला भीती वाटली असावी. डॉक्टर हसतमुख नव्हत्या. मृदुभाषी तर मुळीच नव्हत्या. त्या पॅथॉलॉजिस्ट होत्या, आणि इस्पितळातलं नेमून दिलेलं काम उरकल्यावर उरलेला सगळा जीव त्यांनी माणसाच्या स्नायूंचे बारीक काप रंगवण्यात घातला. त्या कामापायी जितक्या लोकांशी भांडता येईल तितक्यांशी त्या भांडल्या. त्यातला पहिला मीच.

कुवेतची लढाई संपून थोडा काळ लोटला होता. एका दुपारी डेपोच्या फाटकावर एक ठेंगणी, डोक्यावरून ओढणी घेतलेली बाई काखेत एक जाडजूड थर्मासासारखं भांडं घेऊन उभी असल्याचं वॉचमनने सांगितलं. आमच्याकडे वर्कशॉपवाले येतात, जहाजदुरुस्तीवाले येतात. बायका येत नाहीत. मी बाहेर गेलो तर त्या हिंदीत म्हणाल्या, द्रवरूप नायट्रोजन हवा आहे. मी म्हटलं, इस्पितळाच्या परचेस विभागाची ऑर्डर लागेल. त्या म्हणाल्या, परचेस विभागाला तीन कोटेशनं लागतात आणि या बेटावर हा माल तुमच्याखेरीज कोणाकडे नाही, तर बाकीची दोन मी स्वतः लिहू का? हे ऐकताना माझ्या तोंडून "अहो पण" असं काहीतरी निघालं असणार, कारण त्या एकदम मराठीवर आल्या. "मराठी आहात होय? मग निदान समजून तरी घ्या. माणसाच्या मांडीतून काढलेला तुकडा माझी वाट बघत बसत नाही."

त्या दिवशी मी त्यांचं भांडं भरून दिलं. कागदपत्रं कशी जुळवली ते सांगण्यात आता अर्थ नाही. मग महिन्यातून एकदोनदा त्या यायच्या किंवा मी गुदैबियातल्या आमच्या घरी जाता जाता कंपनीचं तसलंच एक भांडं भरून इस्पितळात पोचवायचो, आणि असं करता करता ओळख घरोब्यापर्यंत गेली. नीलाला त्या नावाने हाक मारायच्या, मला मात्र शेवटपर्यंत 'सामंत'. त्यांनी लग्न केलं नव्हतं. का, ते आम्ही विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

त्यांचं काम मला कळलं ते प्रयोगशाळेत नव्हे, त्यांच्या जेवणाच्या टेबलावर. बांगड्याचं कालवण होतं. माझ्या पानातला बांगडा त्यांनी काट्याने उलगडला आणि पांढऱ्या मांसातून, कातडीलगत जाणारी काळपट लाल पट्टी दाखवली. आम्ही कोकणातली माणसं, ती पट्टी लहानपणापासून खात आलो, कोणी टाकतही आलो. त्या म्हणाल्या, दिवसभर संथ पोहायला मासा ही लाल पट्टी वापरतो. ती दमत नाही. आणि मागे मोठा मासा लागला की पांढरं मांस कामाला येतं, ते जोरदार असतं पण लवकर थकतं. माणसात हे दोन्ही प्रकारचे स्नायूंचे धागे वेगवेगळे राहत नाहीत, एकाच स्नायूत शेजारी शेजारी मिसळलेले असतात. साध्या डोळ्यांना किंवा साध्या रंगाला ते सगळे सारखेच दिसतात. पण ताज्या गोठवलेल्या कापावर ठरावीक आम्लात ठेवून ठरावीक रंगक्रिया केली, की संथ धागे काळे होतात आणि जलद फिके राहतात. आम्लाऐवजी अल्कली वापरली की बरोबर उलटं. मला नंतर त्यांनी सूक्ष्मदर्शकातून दाखवलं तेव्हा बुद्धिबळाचा पट कोणीतरी घाईघाईत, वेड्यावाकड्या घरांचा काढावा तसं ते दिसलं. या पटाची घरं कशी बिघडली आहेत त्यावरून आजार नसेचा आहे की स्नायूचाच, हे त्या सांगायच्या. स्नायूत चरबी किती, साखर किती साठली आहे, ती जाळणारी यंत्रणा चालते की नाही, या प्रत्येकासाठी वेगळा रंग.

या सगळ्याला एकच अट होती. तुकडा काढल्या काढल्या, ओल्या कापडात गुंडाळून, धावत आणून गोठवायचा. तोही थेट नायट्रोजनमध्ये टाकून नाही, तसं केलं तर आत बर्फाचे कण होऊन स्नायूची चाळणी होते. नायट्रोजनने गार केलेल्या दुसऱ्या एका द्रवात तो बुडवायचा. आणि शस्त्रक्रियागृहात बाकी सगळे अवयव ज्या बाटलीत पडतात त्या फॉर्मलिनमध्ये तर तो मुळीच पडता कामा नये, कारण फॉर्मलिन आकार टिकवतं पण आतली क्रिया मारून टाकतं. ही एवढी अट इस्पितळाला पाळता येईना. सर्जन बदलायचे, नर्स बदलायच्या, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने हात फॉर्मलिनच्या बाटलीकडेच जायचा. त्यातून ऑगस्टमध्ये काप घ्यायच्या गारठ्याच्या यंत्राचा कॉम्प्रेसर दम टाकायचा. दुरुस्तीवाला यायचा, इंशाल्ला उद्या म्हणायचा, आणि डॉक्टर आमच्याकडे येऊन सोफ्यावर बसून नीलाच्या हातचा चहा गार होईस्तोवर बोलत राहायच्या. त्यांचा कोणी शत्रू नव्हता हे सगळ्यात वाईट होतं. सगळे चांगले होते, सगळे सॉरी म्हणायचे.

इक्बालची गोष्ट याच काळातली.

इक्बाल श्रीवर्धनकडचा, पंचविशीतला, अंगाने चांगला भरलेला. आधी तो मनामात एका नातेवाइकाच्या कापडाच्या दुकानात होता. दुकान बंद पडल्यावर त्याने अस्करच्या बाजूला, ॲल्युमिनियमच्या कारखान्याची कामं घेणाऱ्या एका कंत्राटदाराकडे नोकरी धरली. त्यांचा ट्रक आमच्याकडे सिलिंडर न्यायला यायचा आणि इक्बाल चढवायला बरोबर. एकदा मी खिडकीतून पाहिलं, दोन-तीन सिलिंडर चढवून तो खाली बसला होता आणि त्याच्या उजव्या हाताची मूठ आवळली गेली होती. दुसऱ्या हाताने तो बोटं एकेक करून उघडू बघत होता, पण ती उघडत नव्हती. फोरमन वरून ओरडत होता. थोड्या वेळाने तो उठला आणि मग पहिल्यापेक्षा बरं काम करू लागला. फोरमन माझ्याकडे वळून हिंदीत म्हणाला, बघितलंत साहेब, आता कसं जमतं, सगळी नाटकं आहेत.

मी हे डॉक्टरांना सहज सांगितलं. त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली. बसल्यावर बरं वाटतं का? थोडं थांबून पुन्हा सुरू केलं की आधीपेक्षा सोपं जातं? लघवी काळी होते का? मला यातलं काय माहीत असणार. मग पुढच्या खेपेला मी इक्बालला ऑफिसात बोलावून विचारलं. तो आधी घाबरला. मग म्हणाला, जास्त ओझं उचललं की दुसऱ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी होते, पण हे कोणाला सांगू नका साहेब, घरी पाठवतील. शाळेत असल्यापासून असंच आहे, म्हणाला. वडील मासेमारीच्या होडीवर न्यायचे, जाळं ओढताना त्याचे हात आखडायचे आणि वडील सगळ्यांसमोर त्याला आळशी म्हणायचे. आता त्यालाही तसंच वाटायला लागलं होतं.

डॉक्टरांनी त्याला एका फिजिशियनकडून तपासून घेतलं आणि मांडीतून तुकडा काढायचं ठरलं. मी नायट्रोजन पोचवला. डॉक्टरांनी आदल्या दिवशी शस्त्रक्रियागृहात स्वतः जाऊन बजावलं, दारावर कागद लावला. आणि त्या दिवशी तुकडा आला तो फॉर्मलिनच्या बाटलीत. कोणीतरी सुट्टीवर होतं, कोणीतरी दुसरं आलं होतं. मी संध्याकाळी भांडं परत न्यायला गेलो तेव्हा त्या खुर्चीवर नुसत्या बसून होत्या. नायट्रोजन भांड्यातून धुरासारखा उडून चालला होता. त्या म्हणाल्या, "सामंत, आता त्या पोराच्या दुसऱ्या मांडीला हात लावायला मी कोणत्या तोंडाने सांगू?"

पण सांगितलं त्यांनीच. इक्बाल तयार झाला. मला वाटतं त्याच्याशी इतक्या गांभीर्याने आजवर कोणी बोललंच नव्हतं. दुसऱ्या वेळी त्या स्वतः हिरवे कपडे घालून आत उभ्या राहिल्या, सर्जनच्या कोपरापाशी, आणि तुकडा हातात पडताच जिन्याने धावत खाली आल्या. वयाच्या पन्नाशीत धावत. मागून त्यांची सहायक फातिमा. ही हमद टाउनची बहारीनी मुलगी, त्यांच्याच हाताखाली तयार झालेली.

त्यांनी मला दुसऱ्या दिवशी फोन करून लगेच या म्हणून सांगितलं, कारण हा रंग टिकत नाही, हळूहळू उडून जातो. टेबलावर दोन स्लाइडा होत्या. एक दुसऱ्या कोणा निरोगी माणसाच्या स्नायूची. ती जांभळाच्या रसात बुडवल्यासारखी झाली होती. दुसरी इक्बालची. आयोडिनचा फिकट पिवळा डाग सोडला तर तिच्यावर काहीच नव्हतं. मी म्हटलं, औषध चुकलं असेल. त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं आणि धाग्यांच्या मधून जाणारी एक बारीक रक्तवाहिनी शोधून दिली. तिच्या भिंतीला तेवढा रंग आला होता. म्हणजे औषधात खोट नव्हती. स्नायूत साठलेली साखर मोडून तिची ताकद करणारं जे रसायन तुमच्या-माझ्या स्नायूत असतं, ते इक्बालच्या स्नायूत जन्मापासून नव्हतंच. आणखी एका रंगात, धाग्यांच्या कडेला, न वापरलेल्या साखरेचे फुगवटे दिसत होते. त्या दिवशी मी त्यांना आनंदात पाहिलं. हसत नव्हत्या, पण दोन्ही तळहात टेबलावर ठेवून शांत उभ्या होत्या.

इक्बालला त्यांनी त्याच दिवशी बोलावून घेतलं आणि तेच सगळं दाखवलं. रुग्णाला असं कोणी दाखवत नाही. त्याला सूक्ष्मदर्शकात धड बघता येईना, डोळा मिटायचा. मग त्या म्हणाल्या, "हे बघ, हा दुसऱ्याचा आणि हा तुझा. तुझ्याकडे साखर भरपूर आहे, पण कोठार कुलूपबंद आहे आणि किल्ली तुला अल्लाने दिलीच नाही. थोडं थांबलास की शरीर रक्तातून दुसरं इंधन आणतं, म्हणून तुला मग बरं वाटतं. तू आळशी नाहीस. कधीच नव्हतास."

त्याने ती पिवळी काच बोटाने स्वतःकडे सरकवली. "आपा, हे माझ्या अब्बांना दाखवता येईल?"

रंग उडणार होता. त्यांनी दोन्ही स्लाइडांचे फोटो काढून घेतले आणि मोठे करून त्याला दिले.

इथे ही गोष्ट संपली असती तर मला काही म्हणायचं नव्हतं. डॉक्टरांनी रिपोर्ट लिहिला. फिजिशियनने त्याला जोडून लिहिलं की रुग्णाने जड काम करू नये, जास्त ताण पडल्यास मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, बैठं काम द्यावं. कंत्राटदाराने त्यातलं पहिलं वाक्य वाचलं. इक्बालला कामासाठी अनफिट ठरवून व्हिसा रद्द करायचे कागद निघाले. डॉक्टर मला घेऊन अस्करला त्यांच्या कॅम्पच्या ऑफिसात गेल्या. मॅनेजर आपल्याच देशातला, सभ्य गृहस्थ. त्याने चहा मागवला. स्टोअरमध्ये बसवा, फाटकावर बसवा, डॉक्टर एकेक सुचवत होत्या आणि तो मान हलवत होता. मग त्याने फाइल हळूच त्यांच्याकडे फिरवली. "मॅडम, रिपोर्ट तो आपका ही है."

त्यांनी फाइल मिटून परत त्याच्याकडे सरकवली आणि उठल्या. परतताना उजवीकडे कारखान्याच्या चिमण्या, डावीकडे समुद्र, आणि गाडीतला एसी नेमका बंद. त्या म्हणाल्या, कामचोर होता तोवर त्याला नोकरी होती. मी म्हटलं, डॉक्टर, तसाच राहिला असता तर एखाद्या दिवशी किडनी गेली असती. "ते मला कळतं, सामंत. ते कळतं म्हणूनच तर..." वाक्य तिथेच राहिलं. मी माझ्या कंपनीत खटपट केली. आमच्या फाटकावर नोंदी करायला माणूस हवाच होता. पण कंत्राटदाराने सोडल्याचं पत्र दिलं नाही, आणि त्याशिवाय इथे दुसऱ्याकडे नोकरी धरता येत नाही. देत नसतात. इक्बाल गेला. विमानतळावर त्याने पिशवी मला उचलू दिली नाही. हळूहळू, मध्ये थांबत, स्वतःच घेऊन गेला.

यानंतर डॉक्टर बदलल्या असं लिहायचा मोह होतो, पण त्या बदलल्या नाहीत. त्याच ताकदीने भांडत राहिल्या. फक्त रिपोर्टच्या शेवटी काय करता येणार नाही त्याआधी रुग्ण काय करू शकतो ते लिहायला लागल्या, ठळक अक्षरात. यावर त्यांचे वरिष्ठ म्हणायचे की पॅथॉलॉजिस्टचं हे काम नव्हे. असेलही.

डॉक्टरांच्या चाळिसाव्या दिवसाच्या सुमाराला अय्याजभाईंना मी फोन केला तेव्हा त्यांनी जनाज्याची एक गोष्ट सांगितली. कब्रस्तानाकडे नेताना लोक आळीपाळीने खांदा देत होते, पावलं भराभर पडत होती. एक तरुण माणूस मात्र खांदा न देता मागे मागे राहात होता, मध्येच कठड्याला धरून थांबत होता. लांबून आलेला दिसत होता. दोघातिघांनी त्याला ऐकू जाईल असं काहीबाही म्हटलं... मग अय्याजभाई स्वतः मागे गेले, नाव विचारलं, आणि त्याच्या चालीने चालत राहिले. दोघे पोचले तेव्हा माती देणं सुरू झालं होतं. इक्बाल आता गावात शिंपीकाम करतो. वडिलांनी फोटो पाहिला का, असं मी विचारलं. अय्याजभाई म्हणाले, ते विचारायचं राहिलं.

गेल्या आठवड्यात मी इस्पितळात गेलो होतो. आमच्या कंपनीचं भांडं परत मागवा असा वरून निरोप होता, कारण इस्पितळाकडून नवीन वर्षाची ऑर्डर अजून निघालेली नाही. डॉक्टरांच्या जागी कोणी आलेलं नाही. स्नायूचे तुकडे आता बाहेरच्या देशात पाठवावेत असं चाललं आहे, म्हणजे कुरिअर, कस्टम्स आणि पुन्हा तोच उशीर. मी दारात उभा होतो आणि फातिमा शस्त्रक्रियागृहातल्या नर्सशी फोनवर बोलत होती. तिची चिडकी अरबी, मध्येच इंग्रजी. आणि मग स्पष्ट ऐकू आलं: "मफी लोणचं, सिस्टर. मफी लोणचं."

फोन ठेवल्यावर मी तिला विचारलं, मफी म्हणजे 'नाही' ते मला कळतं, पण लोणचं म्हणजे काय? ती माझ्याकडे अशी बघायला लागली जणू एवढी वर्षं नायट्रोजन पोचवून मला एवढंही ठाऊक नसावं. फॉर्मलिनची बाटली, ती म्हणाली. डॉक्टर असंच म्हणायच्या, शस्त्रक्रियागृहातले सगळेही असंच म्हणतात. लॅबमधला शब्द आहे.

उद्या सकाळी एक तुकडा येणार आहे, असंही तिने सांगितलं. मी भांडं उचललं, आणि भरून आणायला डेपोकडे निघालो.